‘एमएक्स’चा खटला आणि त्यानंतर: एचआयव्हीबाधितांचे हक्क, जबाबदारी कोणाची?

मुंबई उच्च न्यायालयाच्या नोंदीत त्याचे नाव केवळ ‘एमएक्स’ असे आहे. ज्या सार्वजनिक उपक्रमाविरुद्ध तो न्यायालयात गेला, त्याचे नाव ‘झेडवाय’. उपक्रमात तो नैमित्तिक कामगार होता. वैद्यकीय तपासणीत एचआयव्हीचा संसर्ग आढळला आणि कामगारांच्या यादीतून त्याचे नाव वगळण्यात आले. अन्य सर्व बाबतींत तो सुदृढ होता, काम करण्यास समर्थ होता, हे उपक्रमालाही नाकारता आले नाही. घरात खाणारी तोंडे होती आणि कमावता तो एकटाच होता. उघडपणे नाव देऊन न्याय मागावा, तर वस्तीत राहणे अशक्य होईल, म्हणून टोपणनावाने दाद मागण्याची परवानगी द्यावी, अशी विनंती त्याने प्रथम केली. न्यायालयाने ती मान्य केली. भारतात एचआयव्हीबाधिताला ओळख न उघडता न्याय मागता येतो, हा पायंडा येथून पडला.

न्या. व्ही. पी. टिपणीस आणि न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठाने ३ एप्रिल १९९७ रोजी निकाल दिला. जो कामगार काम करण्यास सक्षम आहे आणि ज्याच्यापासून सहकाऱ्यांना धोका नाही, त्याला केवळ संसर्गाच्या कारणावरून रोजगार नाकारणे हा घटनेच्या चौदाव्या आणि एकविसाव्या अनुच्छेदांचा भंग ठरतो, असे न्यायालयाने म्हटले. सरकारी उपक्रमाने अशा माणसाला आर्थिक मरणाच्या स्वाधीन करणे न्यायालयाला मान्य नव्हते. त्याला पुन्हा यादीत घ्यावे आणि बुडालेल्या रोजगाराची भरपाई द्यावी, असा आदेश झाला. खटल्यामागे ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ ही इंदिरा जयसिंग आणि आनंद ग्रोव्हर यांनी १९८१ मध्ये स्थापन केलेली संस्था होती. ग्रोव्हर पुढे २००८ ते २०१४ या काळात आरोग्याच्या हक्कासंबंधी संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक झाले.

या निकालाचे महत्त्व कळण्यासाठी आठ वर्षे मागे जावे लागते. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुण रक्तदात्याला पोलिसांनी ताब्यात घेतले. गुन्हा कोणताही नव्हता. दान केलेल्या रक्तात एचआयव्ही आढळला होता आणि तेव्हाचा गोव्याचा सार्वजनिक आरोग्य कायदा बाधित व्यक्तीला सक्तीने अलग ठेवण्यास सांगत होता. म्हापशातील वापरात नसलेल्या क्षयरोग रुग्णालयात त्याला ६४ दिवस डांबून ठेवण्यात आले. त्याची आई लुसी डिसोझा यांनी उच्च न्यायालयात धाव घेतली. मात्र, न्यायालयाने कायद्यातील अलगीकरणाची तरतूद वैध ठरवली. डॉमिनिकने ‘पॉझिटिव्ह पीपल’ या संस्थेचा पाया घातला आणि १९९२ मध्ये त्याचे निधन झाले. २००५ मधील ‘माय ब्रदर निखिल’ या चित्रपटाला त्याच्या आयुष्याचा आधार होता, हे अनेक प्रेक्षकांना ठाऊकही नसते. एकाच उच्च न्यायालयाचे हे दोन निकाल शेजारी ठेवले, की मधल्या काळात विचार किती बदलला याची कल्पना येते.

हा बदल आपोआप झाला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्स कार्यक्रमाचे पहिले प्रमुख जोनाथन मान यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातच एक साधी बाब मांडली होती: बाधितांना वाळीत टाकले, तर लोक तपासणीपासून पळतील आणि रोग पसरेल. मानवी हक्कांचे रक्षण हा दयेचा विषय नसून साथ रोखण्याचा उपाय आहे, ही भूमिका तेथून जगभर गेली. डिसेंबर १९९४ मधील पॅरिस परिषदेत, धोरण ठरवताना बाधितांचा सहभाग असावा, हे तत्त्व ४२ देशांनी मान्य केले. त्याच वर्षी मुंबईत अशोक राव कवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘हमसफर ट्रस्ट’ स्थापन केला. समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथी यांच्यात प्रतिबंधाचे काम करणारी ही संस्था सांताक्रूझच्या वाकोल्यातून उपनगरांत पोहोचली. ते काम भारतीय दंड संहितेचे ३७७ वे कलम डोक्यावर टांगलेले असताना चालले होते. सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते कलम रद्दबातल ठरवले, तोवर २०१८ उजाडले होते.

औषधांच्या किमतीतही मुंबईचा वाटा मोठा आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये ‘सिप्ला’च्या युसूफ हमीद यांनी तीन औषधांची उपचारपद्धती ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’ या संस्थेला रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत देऊ केली. पाश्चात्त्य देशांत तेव्हा त्यासाठी दहा हजार डॉलरहून अधिक मोजावे लागत. विक्रोळीत जुना कारखाना असलेल्या या कंपनीची औषधे आफ्रिकेत जाण्याच्या बातम्या येत होत्या, तेव्हा घाटकोपर-मुलुंडच्या रुग्णाला मात्र ती पदरच्या पैशानेच घ्यावी लागत होती. मोफत उपचारांची केंद्रीय योजना १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली. मुंबईत पहिले केंद्र जे. जे. रुग्णालयात उघडले. बोरिवलीहून भायखळ्याला दर महिन्याला, तेही रजेचे कारण न सांगता, जाणे म्हणजे काय, हे उपनगरवासीयांना वेगळे सांगायला नको. नंतर केंद्रांची संख्या वाढली. २०१७ पासून संसर्ग आढळताच औषधे सुरू करण्याचे धोरण आहे.

कायदा मात्र रेंगाळला. पहिला मसुदा ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ने २००६ च्या सुमारास सरकारला सादर केला. विधेयक राज्यसभेत आले ते फेब्रुवारी २०१४ मध्ये. संसदेची संमती एप्रिल २०१७ मध्ये मिळाली आणि अंमल १० सप्टेंबर २०१८ पासून सुरू झाला. एवढ्या काळात शाळेत गेलेले मूल महाविद्यालयातून बाहेर पडते.

या कायद्यात काय आहे? नोकरी, शिक्षण, आरोग्यसेवा, विमा, घर विकत किंवा भाड्याने घेणे, या सर्व बाबतींत भेदभावास मनाई आहे. हे संरक्षण बाधिताबरोबर राहणाऱ्यांनाही लागू आहे. कामावरून काढायचे असल्यास स्वतंत्र आणि पात्र वैद्यकीय तज्ज्ञाचे लेखी मत त्या व्यक्तीला द्यावे लागते, म्हणजे ‘एमएक्स’ निकालाचे सूत्रच येथे कलम होऊन आले आहे. समजावून सांगून घेतलेल्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. रक्तपेढीतील चाचणी किंवा न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद आहेत. शस्त्रक्रियेपूर्वीच्या चाचण्यांच्या यादीत एचआयव्हीची चाचणी गुपचूप घालण्याची सवय अनेक खासगी नर्सिंग होमना आहे. ती या कलमात बसत नाही.

गोपनीयतेचा भाग विशेष काळजीने लिहिलेला दिसतो. त्यालाही इतिहास आहे. १९९८ मध्ये एका रुग्णाची माहिती बाहेर गेल्याने विवाह मोडल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बाधितांच्या विवाहाच्या हक्कावरच प्रतिकूल मते नोंदवली होती. २००२ मध्ये न्यायालयानेच ती मते अनावश्यक होती असे स्पष्ट केले. आता डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला माहिती देऊ शकतात. परंतु आधी रुग्णाचे समुपदेशन करून आणि त्याला तसे कळवून. माहिती दिल्याने स्त्रीला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढले जाईल अशी रास्त भीती असेल, तर ती देता येत नाही. न्यायालयीन कामकाजात कळलेली माहिती बेकायदा फोडणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कायद्याचा कच्चा दुवा चौदाव्या कलमात आहे. औषधोपचार पुरवण्याची जबाबदारी सरकारवर टाकताना ‘शक्य तेवढी’ या अर्थाचे शब्द घालण्यात आले. संसदेतील चर्चेत त्यावर आक्षेप घेतला गेला, तरी ते राहिले. २०२२ मध्ये औषधांचा तुटवडा झाला, तेव्हा दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयात रुग्ण महिनाभराहून अधिक काळ धरणे धरून बसले. ही औषधे एक दिवसही चुकवायची नसतात. गोळ्या आठवड्याच्या हिशेबाने मिळू लागल्या, की हातावर पोट असलेल्याचा रोज बुडतो.

तक्रार कोठे करावी? शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. आरोग्यसेवा देणाऱ्या आस्थापनेसाठी ही मर्यादा वीसची आहे, त्यामुळे अंधेरी-मरोळच्या कंपन्यांप्रमाणेच उपनगरांतील मध्यम आकाराची बरीच रुग्णालयेही तिच्यात येतात. आपल्या कार्यालयात हा अधिकारी कोण, हे किती वाचकांना सांगता येईल? त्यावरचा टप्पा राज्य सरकारने नेमायच्या ‘ओम्बड्समन’चा, भ्रष्टाचारविरोधी लोकपालाशी त्याचा संबंध नाही. त्याने ३० दिवसांत आणि वैद्यकीय निकड असल्यास २४ तासांत आदेश द्यायचा असतो. आदेश न पाळल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि पुढे दररोज पाच हजारांपर्यंत वाढीव दंड आहे. न्यायालयात टोपणनावाने दाद मागण्याची मुभा आता कायद्यातच आहे. मुंबईसाठीची स्वतंत्र एड्स नियंत्रण संस्था वडाळ्यात आहे. तपासणी आणि समुपदेशनाची केंद्रे राजावाडी आणि कूपर यांसारख्या पालिका रुग्णालयांत आहेत, तर १०९७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी नि:शुल्क आहे.