भंडाऱ्यातील हिवाळी पाऊस

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्ह्यात डिसेंबर ते फेब्रुवारीदरम्यान अधूनमधून थंड पाऊस पडतो. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ व बंगालच्या उपसागरावरील बाष्पयुक्त वारे मध्य भारतावर एकत्र आल्यास आकाश सखल ढगांनी झाकोळते. दिवसाचे तापमान घसरते. मात्र ढगांच्या आच्छादनामुळे जमिनीची उष्णता अडून राहते आणि रात्रीचा पारा फारसा उतरत नाही. कडाक्याची थंडी पडते ती आभाळ निवळून उत्तरेचे वारे वाहू लागल्यावर. या पावसात उघड्यावरील धानाचे पुंजणे भिजल्यास दाण्यांना कोंब फुटतात, तर ढगाळ हवेत तूर व हरभऱ्यावर अळीचा प्रादुर्भाव वाढतो. म्हणूनच नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज पाहून मळणी उरकणे हिताचे ठरते.