अंतःस्थ ऊष्मा-किरणोपचार

मुख्यतः एकदा किरणोपचार झालेल्या जागीच उलटलेल्या कर्करोगाच्या गाठीत बारीक नळ्या खोवून, त्या नळ्यांवाटे किरणोत्सर्ग व उष्णता या दोहोंचा मारा करणारी उपचारपद्धती. किरणोपचाराला अनेक रुग्ण ‘शेक’ म्हणतात. एरवी त्यात शेकण्यासारखे काही नसते. येथे मात्र गाठ खरोखरच शेकली जाते.

त्वचा, आतडी, मज्जारज्जू यांना सोसेल एवढी किरणमात्रा बहुधा पहिल्या उपचारातच संपलेली असते. म्हणून दुसऱ्या वेळी किरणस्रोत थेट गाठीत नेतात (ब्रॅकिथेरपी). इरिडियम-192 हा त्यासाठी नेहमी वापरला जाणारा स्रोत. अर्धायुकाल सुमारे 74 दिवस. स्रोतापासून दूर जावे तशी मात्रा झपाट्याने घटते आणि शेजारची निरोगी ऊती वाचते. तरीही ऑक्सिजन अपुरा मिळणाऱ्या पेशी किरणांना सहज दाद देत नाहीत. नेमक्या याच, आम्लधर्मी परिसरात तग धरणाऱ्या पेशी उष्णतेपुढे दुबळ्या ठरतात. शिवाय 41 ते 43 अंश सेल्सिअसला तासभर ठेवलेल्या पेशीला किरणांनी तोडलेला डीएनए नीट सांधता येत नाही. किरणमात्रा तीच राहते, परिणाम वाढतो.

उष्णता देण्यासाठी नळ्यांत सूक्ष्मलहरींचे अँटेना किंवा रेडिओलहरींचे इलेक्ट्रोड सरकवतात. काही नळ्या तापमापकांसाठी राखतात. खरी अडचण रक्ताची. वाहते रक्त उष्णता पळवते, त्यामुळे गाठीचा एक भाग पुरेसा तापतो आणि लगतचा कोमट राहतो. एकदा तापलेल्या पेशी पुढचे दोन-तीन दिवस उष्णतेला सरावलेल्या असतात, म्हणून सत्रे लागोपाठच्या दिवशी ठेवत नाहीत.

बॉनचे शल्यचिकित्सक विल्हेल्म बुश यांनी 1866 मध्ये एक नोंद केली होती : धावऱ्याच्या तीव्र तापानंतर रुग्णाच्या चेहऱ्यावरचा सार्कोमा विरला. अंतःस्थ पद्धतीची मोठी कसोटी अमेरिकेत लागली. उलटलेल्या किंवा पहिल्या उपचारानंतरही उरलेल्या गाठींच्या 184 रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष 1996 मध्ये प्रसिद्ध झाले. गाठ पूर्ण नाहीशी होण्याचे प्रमाण नुसत्या ब्रॅकिथेरपीने 53 टक्के, उष्णतेची जोड देऊन 55 टक्के. म्हणजे फरक नगण्य. पण पुरेशा तापमानाचे किमान निकष केवळ एका रुग्णात पूर्ण झाले होते. उष्णता निरुपयोगी ठरली, असा या आकड्यांचा अर्थ लावणे योग्य नाही. ती गाठीपर्यंत पुरेशी पोहोचलीच नव्हती. सॅन फ्रान्सिस्को येथे मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमावर झालेली चाचणी (1998) याला पूरक आहे. त्या गाठी उलटलेल्या नव्हत्या, नव्याने आढळलेल्या होत्या. तेथे दोन वर्षे जगलेल्यांचे प्रमाण उष्णतेच्या जोडीने 15 वरून 31 टक्क्यांवर गेले.

जर्मनीतील एर्लांगेन येथे डोके व मानेच्या उलटलेल्या कर्करोगांवर ही पद्धती रसायनोपचारासह वापरली गेली. पेसमेकर बसवलेल्या रुग्णांना सूक्ष्मलहरी व रेडिओलहरींची उष्णता सहसा देत नाहीत.