माप कुणाचं? उंची, कंबर आणि कोयता

कंबरदुखी हा इतिहासाचा विषय होऊ शकतो का? शिरूर-दौंडचा पट्टा नीट पाहिला, तर आपल्याला ‘हो’ म्हणावं लागतं.

आपल्याकडे पूर्वी देहच माप होता. अंगुळ, वीत, हात; विहिरीची खोली मोजायची ती परसात. शिवकाळात जमीन मोजण्याची काठी पाच हात पाच मुठींची होती. पण तेव्हाही प्रश्न होताच, की हात कुणाचा? एकाचा हात प्रमाण ठरला की बाकीच्यांनी त्याच्याशी जुळवून घ्यायचं. १९५६च्या कायद्याने मीटर आला आणि मापातून देह पुरता निघून गेला.

आता कंबरेकडे येऊ. आपण पुढे वाकतो तेव्हा धडाचं वजन कण्याच्या पुढे लोंबतं आणि पाठीचे स्नायू ते मागून ओढून धरतात. तरफेचाच नियम हा. धड लांब, तर ताण जास्त. स्वीडनच्या नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात मणक्यांमधल्या चकतीतला दाब प्रत्यक्ष मोजला. उभं राहण्यापेक्षा वाकल्यावर तो वाढतो. चकती सरकण्याचं प्रमाण उंच पुरुषांत जास्त, असं १९८७च्या एका फिनिश अभ्यासात दिसलं. साध्या कंबरदुखीबाबत मात्र निष्कर्ष एकसारखे नाहीत. म्हणजे काय, तर नुसती उंची हा रोग नव्हे. उंच बाईला ओटा बुटका पडतो, तर बुटक्या बाईला तोच ओटा उंच होतो. दुखणं देह आणि वस्तू यांच्या न जुळण्यात आहे.

पण खुरप्याचं काय? त्याची मूठ वीतभर. तिथे उंच-बुटका सगळेच जमिनीशी. पाटसचा भीमा किंवा न्हावऱ्याचा घोडगंगा, अशा कारखान्यांचा ऊस बुडख्याशी वाकूनच तोडावा लागतो. मग मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची. तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला आपण म्हणतो ‘एक कोयता’. माणसाला अवजाराचं नाव! मजुरी टनावर, आणि एक दिवस कंबर धरली म्हणून बसलं तर ‘खाडा’ लागतो.

कॅलिफोर्नियात आखूड दांड्याच्या कुदळीबद्दल हाच वाद झाला. लांब दांड्याने पिकाचं नुकसान होईल, असं बागायतदार म्हणत होते. १९७५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे अवजार असुरक्षित असल्याची मजुरांची बाजू उचलून धरली आणि त्याच वर्षी ते बंद झालं. शेती बुडाली नाही.

आपला जुना कारखाना कायदा १९४८चा. इजा होईल इतकं ओझं उचलायला लावू नये, असं त्याचं ३४वं कलम सांगायचं. ४४वं कलम उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यायला सांगायचं. रांजणगाव-कुरकुंभच्या कारखान्यांना तो २०२५पर्यंत लागू होता. उसाचं शेत मात्र त्या कायद्याच्या व्याख्येत कारखाना नव्हतं.

ग्रीक पुराणातला प्रोक्रुस्टेस पाहुण्यांना खाटेच्या मापाने ताणायचा किंवा कापायचा. आपण त्याला राक्षस म्हणतो. पण खुरप्याला लांब दांडा देता येईल का, हे आपण विचारलेलं नाही. उसाला लांब दांडा चालत नसेल, तर मोळी हलकी करता येईल, विसाव्याची मजुरी देता येईल, खाडा बंद करता येईल. हे उंचीचे प्रश्न नाहीत, मित्रहो. न्यायाचे आहेत.