बुऱ्हाणपूरचा आहूखाना

हल्ली आमच्या परिचयातील तरुण मंडळींत एका नव्या प्रकारच्या सहलीची चर्चा वारंवार कानी येते. पहाटे शहर सोडावयाचे, नाशिकच्या बाजूस एखाद्या द्राक्षमळ्यावर पोहोचावयाचे, सकाळच्या उन्हात घोड्यावर बसून शिवारातून रपेट करावयाची, दुपारी द्राक्षमद्याच्या चार-सहा प्रकारांची घोट-घोट चव पाहावयाची आणि दिवेलागणीच्या सुमारास घरी परतावयाचे, असा हा एका दिवसाचा बेत असतो. देवळातील उत्सवाच्या निमित्ताने जमलेल्या मंडळींत हा विषय निघाला, तेव्हा वडीलधाऱ्यांनी नाके मुरडली आणि तरुणांनी त्यांच्या नाके मुरडण्याची थट्टा केली. शेवटी एका तरुणाने आम्हांसच प्रश्न टाकला. "तुम्ही इतिहास वाचता. घोड्याची रपेट आणि चषकभर द्राक्षासव यांत एवढे बिघडते काय?"

उत्तर तत्काळ सुचले नाही. परंतु घरी परतताना मनात एक गाव उभे राहिले. घोडा, बाग आणि मद्य यांचा हाच बेत जेथे एका काळी राजपुत्रांनी वर्षानुवर्षे केला, ते तापीकाठचे बुऱ्हाणपूर. आज ते मध्य प्रदेशात जिल्ह्याचे ठिकाण आहे, केळीच्या बागांसाठी आणि कापडासाठी प्रसिद्ध आहे, आणि तेथील कित्येक घरांत अद्याप मराठी बोलली जाते. उदगीरच्या लढाईनंतर १७६० साली ते पेशव्यांच्या पदरात पडले. त्यामुळे त्याच्या इतिहासाशी आपले नाते परकेपणाचे नाही.

हे नगर फारुकी घराण्यातील नासिरखानाने पंधराव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास वसविले. बुऱ्हाणुद्दीन आणि झैनुद्दीन या दोन सूफी संतांविषयी त्याच्या मनात आदर होता. म्हणून एका तीरावरील नगरास त्याने बुऱ्हाणपूर आणि पैलतीरावरील वस्तीस झैनाबाद अशी नावे दिली. मधून सूर्यकन्या तापी वाहते. उत्तरेस असीरगड उभा आहे. तेथील शिवमंदिरात चिरंजीव अश्वत्थामा पहाटे येऊन फूल वाहून जातो, अशी भाविकांची श्रद्धा आहे. हा गड १६०१ साली अकबराच्या हाती आला आणि बुऱ्हाणपूर हे मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे मुख्य ठाणे झाले. पुढे बादशहाचे पुत्र एकामागून एक येथे सुभेदार म्हणून येऊ लागले.

पैलतीरी झैनाबादेस त्यांचे एक रम्य उपवन होते. त्याला आहूखाना म्हणत. आहू म्हणजे हरिण. हरणे राखलेले, फळझाडांनी भरलेले हे रान राजपुत्रांच्या मृगयेचे आणि विश्रांतीचे स्थान होते. सकाळी नदी ओलांडावी, घोडा दौडवावा, सावज टिपावे, दुपारी झाडांच्या सावलीत मैफल बसवावी आणि सायंकाळी किल्ल्यात परतावे, असा येथील क्रम असे. आमच्या तरुण मित्रांची सहल याहून फारशी निराळी नाही.

या सहलीची साधनेही सहजी मिळणारी नव्हती. दक्षिणेत उत्तम घोड्यांची पैदास कमी, म्हणून अरबस्तान आणि इराणचे घोडे गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरत. गोमंतकीय वाचकांस हे सांगावयास नकोच, कारण पोर्तुगीज येण्याच्या आधीपासून गोव्याचे बंदर घोड्यांच्या व्यापाराकरिता विख्यात होते आणि त्या जकातीवर पोर्तुगिजांनीही आपली तिजोरी भरली. मद्याचीही वाट समुद्राचीच. शिराझची मदिरा आणि डच व्यापाऱ्यांनी आणलेली कॅनरी बेटांवरील मदिरा सुरतेस उतरून उत्तरेकडे जाई आणि ती अतिशय महाग पडे, असे फ्रेंच प्रवासी बर्निये याने लिहून ठेवले आहे. सुरतेहून आग्र्यास जाणाऱ्या हमरस्त्यावरच बुऱ्हाणपूर वसलेले होते. देशी भट्टीची कडक दारू तर कोठेही मिळे.

या घोड्यांच्या आणि मद्याच्या शौकाची पहिली मोठी किंमत अकबराचा धाकटा पुत्र दानियाल याने दिली. त्याचा भाऊ जहांगीर आपल्या आत्मवृत्तात सांगतो की, दानियालला हत्ती-घोड्यांचा असा नाद होता की कोणाजवळ चांगले जनावर आहे असे कानी आले की ते आपल्याकडे आणल्यावाचून त्यास चैन पडत नसे. त्यास हिंदी गीते आवडत आणि तो स्वतःही पदे रचीत असे. म्हणजे माणूस अरसिक नव्हता. परंतु थोरला भाऊ मुराद १५९९ साली दक्षिणेतच दारूपायी गेला असताही दानियालचा हात आवरला नाही. अकबराने आग्र्याहून निक्षून आज्ञा पाठविल्या. दानियालचा सासरा, म्हणजे ज्याचे दोहे आजही उत्तरेत मुखोद्गत आहेत तो अब्दुर्रहीम खानखानान, याने जावयाभोवती पहारे बसविले. तेव्हा राजपुत्राने नोकरांपुढे गयावया केली आणि त्यांतील एकाने युक्ती काढली. दानियालची एक आवडती बंदूक होती. तिचा नेम ज्यास लागेल त्याची तिरडीच उठावी, अशा अर्थाचे नाव त्याने स्वतःच तिला ठेवले होते. त्या बंदुकीच्या नळीत दोनदा गाळलेली दारू भरून ती आत आणण्यात आली. नळीतील गंज आणि बारुदाची घाण त्या तीव्र दारूत उतरली. ती पिताच दानियाल अंथरुणास खिळला आणि १६०५ साली बुऱ्हाणपूर येथेच मरण पावला. तेव्हा त्याने तिशी नुकतीच ओलांडली होती. बंदुकीचे नाव असे तिच्या धन्यावरच खरे झाले. वृद्ध अकबरही त्याच वर्षाअखेर गेला.

त्यानंतरचा सुभेदार जहांगीराचा पुत्र परवेझ. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हा सुरतेहून अजमेरास जाताना येथे थांबला. त्याने नजर केलेल्या वस्तूंत मद्याच्या बाटल्यांची एक पेटी होती. भर दरबारात बोलणे झाल्यावर शाहजाद्याने खाजगीत भेटण्याचे वचन दिले. पण ती भेट झाली नाही, कारण शाहजादा त्याच बाटल्यांतील मद्याने बेहोष झाला होता. रोने आपल्या रोजनिशीत हे सरळ नोंदविले आहे. पुढे १६२६ साली परवेझही बुऱ्हाणपुरातच अतिमद्यपानाने निवर्तला.

तथापि येथे येणारा प्रत्येक जण असा बुडालाच, असे मात्र नाही. परवेझचा भाऊ खुर्रम, म्हणजे पुढील शाहजहान, वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत मद्यास शिवलाही नव्हता. खुद्द जहांगीरानेच आग्रह करून त्याच्या हाती पहिला प्याला दिला. १६२०-२१ च्या सुमारास दक्षिणेच्या दुसऱ्या मोहिमेवर निघाला असता त्याने चंबळेच्या काठी मद्य सोडण्याची शपथ घेतली, जवळचे सारे मद्य नदीत ओतविले आणि सोन्याचांदीची पानपात्रे फोडून ते तुकडे गोरगरिबांस वाटले. मग तो बुऱ्हाणपुरास आला. याच गावी १६३१ च्या जून महिन्यात त्याची पत्नी मुमताझमहल प्रसूतीत वारली. ताजमहाल उभा राहण्यापूर्वी तिचा देह काही महिने पैलतीरी झैनाबादेच्या बागेतच विसावला होता. त्या वर्षाच्या डिसेंबरात तो आग्र्यास नेण्यात आला.

यानंतर बावीस वर्षांनी, १६५३ साली, तिचा पुत्र औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार म्हणून पुनः बुऱ्हाणपुरात आला. वय चौतीस, शीलाने कडक आणि नमाजाचा नेमी. त्याची मावशी येथेच राहत होती. तिच्या परिवारात हिराबाई नावाची एक गायिका होती. मावशी आपल्या स्त्रियांसह आहूखान्यात आली असता औरंगजेबाने तिला पाहिले. एक ग्रंथकार म्हणतो की, आंब्यांनी लगडलेल्या झाडाखाली तिने अल्लडपणे उडी मारून फळ तोडले. दुसरा म्हणतो की, ती फांदी धरून हळुवार गात होती. झाड मात्र दोघांच्याही कथेत आहे. शाहजादा भान हरपला आणि त्याने मावशीची मनधरणी करून तिला आपल्या जनान्यात आणले.

'मआसिर-उल्-उमरा' या ग्रंथात याच्या पुढची कथा आहे. एके दिवशी हिराबाईने मद्याने भरलेला प्याला औरंगजेबाच्या हाती दिला आणि तो पिण्याचा आग्रह धरला. त्याने नाना प्रकारे विनविले, पण ती ऐकेना. अखेरीस त्याने प्याला ओठांस लावण्यासाठी उचलला, तोच तिने तो झटकन काढून घेऊन स्वतः पिऊन टाकला. मला तुमच्या प्रेमाची परीक्षा पाहावयाची होती, तुमचे व्रत मोडावयाचे नव्हते, असा तिच्या बोलण्याचा भाव होता.

ही कथा कितपत खरी मानावी? 'मआसिर'चा कर्ता शाहनवाझखान हा घटनेनंतर सुमारे एका शतकाने लिहीत होता. उलटपक्षी मनुची हा व्हेनिसचा प्रवासी १६५६ साली हिंदुस्थानात आला. गोव्याच्या व्हाइसरॉयच्या वतीने छत्रपती संभाजी महाराजांकडे वकिली करणारा म्हणून आपल्या वाचकांस तो परिचित असेल. त्याच्या म्हणण्याप्रमाणे औरंगजेबाने तिच्या संगतीत काही काळ मद्य घेतले, नमाजाचीही हेळसांड केली आणि तिच्या मृत्यूनंतर पुनः कधीही न पिण्याची शपथ वाहिली. दोन्ही साक्षी ऐकीवच आहेत. एकात ती व्रत राखते, दुसऱ्यात व्रत मोडते. औरंगजेबाविषयी आपल्या मनात जे आहे, त्यानुसार यांपैकी एक निवडण्याचा मोह प्रत्येकास होईल. परंतु द्वेष किंवा भक्ती यांपैकी कशाच्याही आधारे पुरावा तोलणे हे इतिहासाचे काम नव्हे. दोन्ही साक्षी जुळतात त्या एवढ्याच की, तो व्रतस्थ पुरुषही त्या प्याल्यापर्यंत पोहोचला होता.

हिराबाई फार दिवस जगली नाही. तिचे दफन औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, तेथील तलावाजवळ झाले. त्या दुःखातच औरंगजेब घोड्यावर बसून शिकारीस निघाला. अशा शोकात शिकार कसली, असे मीर अस्करी या त्याच्या सेवकाने विचारले. घरात रडून मन हलके होत नाही, त्यासाठी एकांत लागतो, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. घोडा त्या दिवशी करमणुकीसाठी नव्हता.

येथे एक गोष्ट आमच्या मनास लागते. दरबारी इतिहासकारांनी या स्त्रीस 'झैनाबादी' म्हटले, म्हणजे झैनाबादची. तिचे कुळ, तिचे शिक्षण, तिचे गाणे यांतले काहीही नोंदले गेले नाही. नोंदले गेले ते केवळ गाव. आपण मराठी-कोंकणी माणसे गावाचे नाव आडनाव म्हणून अभिमानाने मिरवितो. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर यांनी तर आपल्या गळ्याने त्या गावांची नावे सर्व देशात नेली. त्या बिचारीच्या वाट्याला तो मान आला नाही. "राजपुत्रास भुलविणारी एक नाचरी" एवढीच तिची ओळख मागे राहिली. परंतु 'मआसिर'ची कथा खरी असेल, तर त्या प्रसंगी मर्यादा कोठे आहे हे राजपुत्रास नव्हे, तिला ठाऊक होते. म्हणून तिची कथा सांगताना आपण तरी ओठ दुमडून हसू नये.

पुढचा इतिहास सर्वांस माहीत आहे. १६८१ च्या आरंभी मराठ्यांच्या घोडदळाने बुऱ्हाणपूरच्या वेशीवरील बहादुरपुऱ्यावर घाला घातला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्रेसष्ट वर्षांचा औरंगजेब बादशहा म्हणून पुनः या नगरात आला. येथून तो जो दक्षिणेत उतरला तो उत्तरेस परतलाच नाही. १७०७ साली आजच्या अहिल्यानगर येथे त्याचा अंत झाला आणि त्याची साधी कबर खुलताबादेस आहे. ती कोणाच्या सान्निध्यात आहे? झैनुद्दीन या संताच्या दर्ग्याच्या आवारात. झैनाबाद ज्याच्या नावाने वसले तोच हा संत. या योगायोगास आम्ही अर्थ चिकटवीत नाही. परंतु खुलताबादेस जाणाऱ्याने तापीपलीकडील ती बाग आठवावी, एवढे म्हणावेसे वाटते.

आता त्या तरुण मित्राच्या प्रश्नाकडे वळू. कठोपनिषदात शरीरास रथ, इंद्रियांस घोडे, मनास लगाम आणि बुद्धीस सारथी म्हटले आहे. घोड्यावर बसणारा पहिल्याच दिवशी शिकतो की लगाम आपल्या हाती हवा. मद्याचे तसे नाही. तेथे लगाम केव्हा हातातून निसटला, हे स्वारास कळतच नाही. दानियालभोवती पहारे होते, पण ते बाहेरचे होते आणि बंदुकीच्या नळीतून त्यांना चुकविता आले. खुर्रमवर पहारा नव्हता. त्याने आपले पात्र आपल्याच हाताने फोडले. वडिलांनी नाक मुरडल्याने कोणी सुधारत नाही आणि तरुणांनी थट्टा केल्याने धोका टळत नाही, हेच बुऱ्हाणपूर सांगते. दारूने ज्या घराचा कर्ता नेला, त्या घरास हे सांगण्यासाठी इतिहासाची गरज नाही. आपल्या समाजात अशी घरे नाहीत, असे आम्ही म्हणू शकत नाही.

म्हणून त्या मित्रास आम्ही इतकेच कळविले की, नाशिकची सहल तुझी तू ठरव. मात्र त्याआधी एक दिवस बुऱ्हाणपुरास जाऊन ये. भुसावळ आणि खांडवा यांच्या दरम्यान ते रेल्वेचे स्थानक आहे. तापीत हातपाय धू, पैलतीरी झैनाबादेस जाऊन आहूखान्याचे अवशेष पाहा, आणि तेथील एखाद्या झाडाखाली घटकाभर बस. त्याने येण्याचे कबूल केले आहे, आणि सोबत आम्हीही जाणार आहोत.