पाचाडचा वाडा

महाडजवळच्या सव गावी गरम कुंडात उतरताना पाय पहिल्यांदा मागेच येतो. मग ऊब अंगात भिनते. शेजारी सावित्री वाहते आहे. डोळे मिटा, ओंजळभर पाणी डोक्यावर घ्या.

डोळे उघडाल तेव्हा महामार्गाची घरघर थांबलेली असेल. शके 1596, ज्येष्ठ महिना. भरती साधून पडाव महाड बंदराकडे निघालेत. माणसं, बैल, घोडी, सगळे राज्याभिषेकासाठी रायगडाच्या वाटेला लागलेत. तुम्हीही त्यांच्यात मिसळा.

पाचाडला थांबाच. रायगडाला येणारे बहुतेक लोक हे गाव गाडीच्या खिडकीतूनच बघतात, हे मला फार खुपतं. समोरच्या दगडी तटाआड जिजाबाईंचा वाडा आहे. गडावरचा गार वारा आईसाहेबांना सोसेना, म्हणून शिवाजी महाराजांनी पायथ्याशी हा बांधला. आज तिथं जोती नि पडका तट उरलाय. तुमच्यापुढे मात्र चुलीचा धूर आहे, घोड्यांची लीद आहे, सारवलेल्या अंगणाचा वास आहे. आत तक्क्याची विहीर: काठावर टेकून बसायला दगडातच घडवलेली बैठक. पाणी प्या. पडवीत अंग टाका. या मुलखात याहून मानाचा मुक्काम नाही.

पहाटे चढायला लागा. चित्त दरवाजा, खुबलढा बुरूज, मग वळणामागून वळण. महादरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. छातीचा भाता होतो. मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन याच डोंगरावर चढून आलाय, गडावर त्याला घर मिळालंय. त्याच्या मंडळींना मांस पुरवणारा म्हातारा खाटीक त्यांना मुद्दाम बघायला येतो, कारण एवढं गिऱ्हाईक त्याला कित्येक वर्षांत मिळालेलं नसतं.

6 जूनची सकाळ. गागाभट्टांचे मंत्र झालेत, महाराज सिंहासनावर आहेत. भाल्यांच्या टोकांवर सोन्याची मासोळी, तराजू. दाराशी दोन लहान हत्ती. ही जनावरं एवढ्या अवघड वाटेनं वर आणली तरी कशी, याचं ऑक्झेंडनला नवल वाटतं. तसं तो लिहूनही ठेवतो. तुम्ही मात्र गर्दीत एका म्हाताऱ्या बाईंचा चेहरा शोधत असता. ज्यांनी हे पोर वाढवलं, त्यांना हा दिवस बघायला मिळाला.

उतरताना आभाळ भरून आलेलं असतं. पाचाडला पुन्हा वाड्याच्या दारात तुमची पावलं अडखळतात. 17 जून, आईसाहेबांचा शेवटचा दिवस, ही तारीख तुम्हाला ठाऊक आहे. इथं कुणालाच नाही. आतून हाक येते, कुणीतरी दिवा मागतंय. विहिरीत पोहरा सोडल्याचा आवाज होतो, मग दोर ओढल्याचा.