गारपिटीला नाव का नसतं?

मार्च २०१४चा पहिला आठवडा होता. असरची नमाज होऊन अर्धा तास झाला असेल. अब्बा खळ्यावर हरभऱ्याचा ढीग ताडपत्रीनं झाकत होते आणि मी दुसरं टोक धरून उभा होतो. पश्चिमेकडचं आभाळ आधी पिवळट आणि मग काळंनिळं झालं. वारा थांबला. देवणी तालुक्यातलं आमचं शेत वलांडीच्या बाजूला आहे. तिथून दूरवरच्या पत्र्यांवर काहीतरी आदळल्याचा आवाज आधी ऐकू आला, गार अंगावर पडली ती नंतर. पहिली बोराएवढी होती. पाच मिनिटांत लिंबाएवढ्या पडू लागल्या. आम्ही गोठ्यात शिरलो आणि दोन्ही बैलांच्या मधे अंग चोरून उभे राहिलो.

वीसेक मिनिटांत सगळं आटोपलं. बाहेर आलो तेव्हा काळी जमीन पांढरी झाली होती. शाळू कमरेतून मोडून पडला होता, करडई जमिनीत दाबली गेली होती, आणि लिंबाखाली मेलेले कावळे आणि साळुंक्या पडल्या होत्या. बांधावरचा विजेचा खांब आडवा झाला होता. त्या दिवशी गेलेली वीज नऊ दिवसांनी आली.

या नऊ दिवसांविषयी मला लिहायचं आहेच. पण त्याहून जास्त एका प्रश्नाविषयी लिहायचं आहे. आपल्या मुलखात दुष्काळाला नावं आहेत, गारपिटीला का नाहीत? दुर्गादेवीचा दुष्काळ सहाशे वर्षांनंतरही लोकांच्या तोंडी आहे. १६३०चा आणि १८७६-७७चा दुष्काळ इतिहासाच्या पुस्तकांत आहे. १९७२ला तर नुसतं ‘बहात्तर’ म्हटलं तरी घरातली म्हातारी माणसं गप्प होतात. आमच्या लातूर जिल्ह्यात भूकंपालाही गावाचं नाव आहे: किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३. गारपीट मात्र आली आणि गेली. कोणत्या साली आली, कुणाच्या शेतावर पडली, हे दोन पिढ्यांनंतर कुणाला सांगता येत नाही.

दादांची एक वही आमच्याकडे आहे. उर्दूत लिहिलेला शेतीचा हिशेब. दादांच्या तरुणपणी आमचा भाग निजामाच्या राज्यात होता आणि उदगीर तालुका बीदर जिल्ह्यात. देवणी तेव्हा उदगीरमध्येच होतं. १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा उदगीर, अहमदपूर आणि निलंगा उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि १९८२ला लातूर जिल्हा वेगळा झाला. निजामी राज्यात महसुलाचं वर्ष फसली होतं. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो. वर्षाची सुरुवात ऑक्टोबरात आजूर महिन्यानं होई. मग दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी. वहीत फरवर्दीच्या एका पानावर एवढंच आहे: ‘ओले गिरे. चना गया. दो बछडे जख्मी.’ पानाचा कोपरा वाळवीनं खाल्ला आहे आणि त्याबरोबर सालही गेलं. फरवर्दी म्हणजे ढोबळ मानानं फेब्रुवारी, इतकंच सांगता येतं. म्हणजे आमच्या घराण्यातली एकमेव लेखी गारपीट, तिलाही साल नाही.

असं का होतं, याचं एक कारण गारेच्या स्वभावात आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला जमीन तापते. बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून दमट वारा येतो आणि वरच्या थरात उत्तरेकडून थंड, कोरडी हवा पोचते. दमट हवा वेगानं वर उचलली जाते. काही किलोमीटर उंचीवर पाण्याचे थेंब शून्याखाली जाऊनही गोठलेले नसतात. ते बर्फाच्या कणाला चिकटतात आणि थरावर थर चढतो. वर जाणारा वारा जोवर तोलून धरतो तोवर गार मोठी होत राहते. वजन पेलेनासं झालं की ती खाली येते. असा ढग पुढे सरकत जातो, म्हणून गारा पट्ट्यानं पडतात. ओढ्याच्या अलीकडचं शेत भुईसपाट आणि पलीकडचं हिरवंगार, हे प्रत्येक शेतकऱ्यानं पाहिलेलं आहे.

सरकारची नजर मात्र दुष्काळावर घडलेली आहे. १८८०च्या दुष्काळ आयोगानंतर इंग्रजांनी दुष्काळाच्या संहिता केल्या. त्यात पाऊस किती झाला, धान्याचा भाव किती चढला, किती लोक कामाच्या शोधात बाहेर पडले, हे मोजायचं होतं. आणेवारीही अख्ख्या गावाच्या पिकाचा अंदाज घेते. दुष्काळ सगळ्यांना सारखा गाठतो, म्हणून सरासरीत तो दिसतो. गारपीट गावातल्या चाळीस घरांना धुऊन काढते आणि उरलेल्या दोनशे घरांच्या पिकामुळे गावाची आणेवारी चांगली राहते. सरासरीत ती चाळीस घरं दिसेनाशी होतात.

लोकांना मात्र तिची भीती पुरेपूर ठाऊक होती. शेजारच्या वऱ्हाड-नागपूर पट्ट्यात ‘गारपगारी’ नावाची जातच होती. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६च्या ग्रंथात तिची नोंद आहे. गारांचं आभाळ दिसलं की गारपगाऱ्यानं हनुमानासमोर उभं राहून ती परतवायची आणि त्याबद्दल गावानं त्याला धान्य द्यायचं. हे वाचून हसू नये. त्याच सुमाराला, १८९६ साली, ऑस्ट्रियातल्या श्टिगर नावाच्या द्राक्षबागायतदारानं गारा फोडण्यासाठी आभाळाकडे तोंड करून तोफा बसवल्या आणि युरोपभर त्या तोफांचं पेव फुटलं. उपयोग सिद्ध झाला नाही. आमच्याकडे लोक अजान देत, अंगणात कुऱ्हाड टाकत. कुरआनात सूरह नूरमध्ये गारांचा उल्लेख आहे. आमच्या मशिदीतल्या बुजुर्गांनी त्या संध्याकाळी तो काढला होता. प्रत्येक ठिकाणचा माणूस आपल्याजवळ जे होतं ते घेऊन उभा राहिला, इतकाच याचा अर्थ.

आणि भीती खोटी नव्हती. ३० एप्रिल १८८८ला उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादजवळ गारांनी २४६ माणसं मारली. जगातल्या सर्वांत प्राणघातक गारपिटींत ती मोजली जाते. तिची आठवण आज किती जणांना आहे?

आता त्या नऊ दिवसांकडे येतो.

पहिली अडचण पाण्याची झाली. आमच्याकडे बोअर होतं, त्यात पाण्यात बुडवलेली मोटर. वीज नाही म्हणजे पाणी नाही. गावातल्या टाकीचंही तेच. जनावरं पाच होती. भाऊबंदांची जुनी विहीर होती, तिच्यात पाणी होतं, पण मोट आणि तिचा सरंजाम कधीच मोडीत गेलेला. अब्बांनी लोखंडी पिंपाला दोर बांधला, धावेवरची जुनी दगडी थारोळी साफ केली, ट्रॅक्टरवाल्याकडून एक चाक आणून बसवलं आणि आमच्या बैलाला जुंपलं. तो देवणी जातीचा, अंगानं पूर्ण पांढरा, ज्याला आमच्याकडे बालंक्या म्हणतात. (तोंड काळसर असेल तर वानेरा, अंगावर काळे ठिपके असतील तर शेवेरा.) या बैलानं आयुष्यात मोट पाहिली नव्हती. दोन वेळा बिचकला, तिसऱ्या वेळी ओढायला लागला. अर्धी आळी त्या पाण्यावर राहिली. त्यात कोण कुठल्या मोहल्ल्यातला, हे कुणी विचारलं नाही. विचारायला सवडही नव्हती.

गिरणी बंद होती. अम्मीनं शेजारच्या काकूंकडचं जातं झटकून काढलं आणि दोघी पहाटे बसायच्या. दळणापेक्षा हसणंच जास्त व्हायचं, कारण दोघींचेही हात भरून यायचे. दूध संकलन केंद्रात थंड करायची सोय बंद पडली म्हणून दूध घेणं थांबलं. घरोघरी विरजण लागलं. मोबाईल ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज करायचो, पण मनोऱ्यालाच वीज नसल्यानं रेंज नव्हती.

घराचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आमचं जुनं घर माळवदाचं होतं: जाड भिंती, वर हात-दीड हात माती. १९९३नंतर दगडमातीच्या भिंतीखाली झोपायची लोकांना धास्ती वाटू लागली. आम्हीही माळवद उतरवून पत्रे टाकले. भूकंपाला हलकं छत चांगलं. पण त्या संध्याकाळी पत्र्यांना जागोजाग भोकं पडली आणि आतलं धान्य भिजलं. माळवदावर गारा नुसत्या वितळून गेल्या असत्या. एका संकटाचा शहाणपणा दुसऱ्या संकटात उपयोगी पडेलच असं नाही.

सर्वांत मोठा घाव चाऱ्यावर होता आणि तो सुरुवातीला कुणाला दिसला नाही. शाळूचं कणीस गेलं हे लगेच कळलं. पण भिजून पडलेला कडबा आठवड्यात काळा पडला, बुरशी धरली आणि जनावरं त्याला तोंड लावेनात. मोडलेल्या धाटांना कोवळे फुटवे आले, तर ते जनावरांना विषारी ठरू शकतात म्हणून अब्बा काठी घेऊन बांधावर बसायचे. वर्षभराची वैरण वीस मिनिटांत गेली होती.

ती गारपीट फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यात फिरत राहिली. २८ जिल्ह्यांना तिचा फटका बसला. ५ मार्चला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली होती, त्यामुळे मदतीला निवडणूक आयोगाची संमती लागली. पृथ्वीराज चव्हाण सरकारनं सुमारे ४,००० कोटींची मदत जाहीर केली: हेक्टरी कोरडवाहूला १०,००० रुपये, बागायतीला १५,००० आणि फळबागेला २५,०००. त्या वेळी नियम असा होता की पीक निम्म्याहून जास्त गेलं असेल तरच नुकसान धरायचं. तो उंबरठा २०१५मध्ये ३३ टक्क्यांवर आला.

आमची स्वतःची जमीन साडेतीन एकर. त्याशिवाय पाच एकर आम्ही बटाईनं करत होतो. पंचनामा सातबाऱ्यावर होतो. साडेतीन एकरांची मदत आम्हाला मिळाली, पाच एकरांची मालकाला. बी आमचं, खत आमचं, नांगरट आमच्या बैलांची. मालक भले गृहस्थ होते. त्यांनी स्वतःहून येऊन आलेल्या पैशांतले निम्मे अब्बांच्या हातावर ठेवले. अब्बांनी ते घेतले, पण त्या रात्री ते जेवले नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “हक का पैसा माँगके लेना पडा जैसा लगा.” त्यांनी मागितले नव्हते, तरी त्यांना तसं वाटलं.

मराठवाड्यातल्या मुसलमानांत जमीनदार आणि नवाब असतात, असा एक समज अजून टिकून आहे. माझ्या ओळखीतली बहुतेक घरं अल्पभूधारक, बटाईदार, मजूर किंवा जनावरांच्या बाजारावर पोट असलेली आहेत. हिंदू बटाईदाराची गोष्ट यापेक्षा वेगळी नाही. सातबाऱ्यात नाव नसलेला माणूस नुकसानीच्या यादीत येत नाही, आणि यादीत नाही म्हणून इतिहासातही येत नाही.

पुढे काय झालं तेही त्याच धाग्यात आहे. २०१४चा पावसाळा गेला, २०१५चाही गेला. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. देशभर त्याची छायाचित्रं झळकली. पण आमच्या घरात तो दुष्काळ २०१४च्या काळ्या कडब्यापासूनच सुरू झाला होता. मधे, मार्च २०१५मध्ये, गाईंबरोबर बैलांच्याही कत्तलीवर बंदी आली. थकलेला बैल विकून दोन महिन्यांची वैरण आणायची, हा आमच्याकडच्या शेतकऱ्याचा जुना हिशेब मोडला. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात अब्बा दुसऱ्या, म्हाताऱ्या बैलाला घेऊन गेले आणि संध्याकाळी त्याच्यासकट पायी परत आले. बालंक्याला मात्र त्यांनी बाजार दाखवला नाही. नऊ दिवस आळीला पाणी पाजलेल्या जनावराला विकायचं नाही, हे त्यांचं ठरलेलं होतं. तो २०१७ला गोठ्यातच गेला.

२०१६पासून नवी पीक विमा योजना आहे. आपल्या राज्यात २०२५पर्यंत तिच्यात गारपिटीसाठी शेतकऱ्याचं स्वतंत्र नुकसान धरत, अख्ख्या मंडळाच्या सरासरीत ते बुडत नसे. ही खरोखर चांगली सुधारणा होती. पण नुकसान ७२ तासांत कळवावं लागे. खांब पडलेले, मनोरे बंद, रेंज नाही, आणि नऊ दिवस अंधार असलेल्या गावानं तीन दिवसांत कळवायचं कसं? बटाईदारालाही विमा काढता येतो, फक्त करार कागदावर हवा. आमच्याकडची बटाई आजही लिंबाखाली, तोंडी ठरते.

गारपीट थांबवणं गारपगाऱ्यालाही जमलं नाही आणि श्टिगरच्या तोफेलाही. नोंद ठेवणं मात्र जमण्यासारखं आहे. दादांची वही मला अडखळत वाचता येते. माझ्या मुलाला ती अजिबात येणार नाही. म्हणून मी मराठीत नवी वही केली आहे. तारीख, वेळ, गारेचा आकार, वारा कुठून आला, कोणत्या गट क्रमांकापासून कोणत्या गट क्रमांकापर्यंत पडली, शेत कुणाचं आणि कसणारा कोण. शेवटचा रकाना मुद्दाम ठेवला आहे. पहिल्या ओळीत २०१४ची गारपीट लिहिली आणि त्या रकान्यात अब्बांचं नाव.

तुमच्या गावात अशी गारपीट झाली असेल तर तीही लिहून ठेवा. साल पानाच्या मध्यभागी लिहा. वाळवी कोपऱ्यापासून खाते.