वाड्यातले दोन खण : दुरुस्ती कोणी करायची?

मुंबईहून आग्रा रस्त्याने कसारा घाट चढून इगतपुरी आणि घोटी मागे टाकले की वाट नाशिकला पोहोचते. तिथल्या जुन्या गावठाणात, सराफ बाजार, रविवार कारंजा, तिळभांडेश्वर गल्ली या परिसरात, काही वाडे अद्याप उभे आहेत आणि त्यांत बिऱ्हाडेही नांदत आहेत. एखाद्या बिऱ्हाडात नवी फरशी, ताजा ऑइलपेंट आणि ग्रॅनाइटचा ओटा दिसतो. त्याच खोलीची बाहेरची भिंत मात्र टेकूवर तोललेली असते. आतले घर नवे आणि बाहेरचा वाडा मोडकळीस आलेला, ही विसंगती भाडेकरूच्या वा मालकाच्या स्वभावातून आलेली नाही. तिला एका कायद्याचा इतिहास आहे.

आधी वाडा समजून घ्यावा. त्याचे मोजमाप खणांत होते. दोन खांबांमधला गाळा म्हणजे एक खण. खांब दगडी तळखड्यावर उभा असतो, म्हणजे जमिनीची ओल लाकडाला थेट भिडत नाही. खांबावर तुळई, तुळईवर कडीपाट, आणि वरच्या मजल्यांचा बराचसा भार हा लाकडी सांगाडाच पेलतो. विटांची भिंत माती-चुन्यात रचलेली असते. अशा घराला ‘माझे दोन खण तेवढे दुरुस्त करतो’ हा विचारच मानवत नाही, कारण एकाची तुळई दुसऱ्याच्या माजघरात शिरलेली असते.

हे घर एका कुटुंबासाठी बांधलेले होते. १८१८ मध्ये पेशवाई संपली, पुढे वाटण्या झाल्या, कर्ती माणसे नोकरीसाठी दूर गेली, आणि रिकाम्या खणांत भाडेकरू आले. ओसरीत एक संसार, माजघरात दुसरा, माडीवर तिसरा. नळ आणि शौचकूप सामाईक. मराठी लेखकांनी या चौकातल्या शेजारधर्माचे पुष्कळ गोडवे गायले. पहाटे बादली घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या स्त्रियांनाही तो चौक तितकाच गोड वाटत होता का, हा प्रश्न त्या लेखनात फारसा येत नाही.

आता कायदा. पहिल्या महायुद्धाच्या काळात घरटंचाई वाढली, तेव्हा १९१८ मध्ये मुंबईत भाड्यांवर निर्बंध आले. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला. त्याने ‘प्रमाण भाडे’ ठरवताना १ सप्टेंबर १९४० ही तारीख धरली; त्या दिवशी जे भाडे होते, तेच पुढे सर्वसाधारणपणे कायम राहिले. फाळणी आणि टंचाईच्या त्या दिवसांत हजारो कुटुंबांचे छप्पर या कायद्याने वाचवले, हे नाकारता येणार नाही. परंतु मुदतीपुरता केलेला कायदा मुदतवाढी घेत पन्नास वर्षे चालला. दरम्यान गवंडी, सुतार, चुना, सागवान यांचे दर कितीतरी पटींनी वाढले. भाडे तेवढे जागीच राहिले.

कोंडी इथे पडली. दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी, पण मिळणाऱ्या भाड्यात साधी कौले चाळणेही परवडेना. भाडेकरूला स्वतः खर्च करायचा, तर मालकाच्या लेखी संमतीवाचून कायमचे बांधकाम केल्यास घर रिकामे करून मागण्याचे कारण मालकाला मिळत होते. मग भाडेकरूने तेवढेच केले, जे बांधकामात मोडत नाही : रंग, फरशी, ओटा.

त्यातही एक घातक चूक होत आली, ती सिमेंटची. चुन्याचा गिलावा ओल शोषतो आणि बाहेरही टाकतो. सिमेंटचा थर ती ओल भिंतीतच कोंडतो. मग आतली माती भुसभुशीत होते आणि भिंतीत गाडलेला खांब बुडाशी कुजू लागतो. वरून घर चकचकीत दिसते, तळखड्यापाशी लाकूड पोकळ झालेले असते. जतनाचे काम करणारे वास्तुतज्ज्ञ म्हणूनच आधी सिमेंट खरवडायला सांगतात आणि मग चुन्याकडे वळतात.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवलेली भाडी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे म्हटले. त्यानंतरचा १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा आली. गणित करून पाहावे : १५ रुपये भाडे २५ वर्षे चक्रवाढीने वाढवले, तरी ते ४० रुपयांच्या आसपास पोहोचते. एवढ्यात एक खांबही बदलत नाही.

मग वाडा आपोआप पडण्याची वाट पाहणे काही मालकांना सोयीचे वाटू लागले, कारण इमारत गेली की भाडेहक्कही जातो, असा समज होता. सांगलीतील एका इमारतीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो खोडून काढला : बांधकाम पाडले गेले, तरी खालची जमीन असते आणि केवळ तेवढ्याने भाडेकरार संपत नाही.

नाशिकचा सरकारवाडा आणि पुण्याचा विश्रामबागवाडा यांची दुरुस्ती होऊ शकली, कारण तिथे या पेचाला जागाच नव्हती. सरकारवाडा राज्य पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा १८७९ च्या आगीतून वाचून पुणे महापालिकेकडे आला. दोन्हींना मालक एक, आणि तोही सार्वजनिक. बारा वारस आणि नऊ भाडेकरू असलेल्या वाड्याला हे भाग्य सहसा लाभत नाही; तिथे तडजोड होते ती बिल्डरच्या मध्यस्थीने, आणि तिचे पहिले कलम वाडा उतरवण्याचे असते. उतरवलेले खांब आणि दिंडी दरवाजे जुन्या लाकडाच्या बाजारात जातात. तळखड्यांना बहुधा गिऱ्हाईक नसते. ते राडारोड्याबरोबर ट्रकमध्ये चढतात.